न भरणारी जखम



माझ्या वस्तीभेटीच्या वहीत एक ओळ सात महिने जवळजवळ दर आठवड्याला आली आहे: ‘आजींच्या पायाचे ड्रेसिंग केले. जखम स्वच्छ.’ ती वही पुन्हा चाळताना मला त्या ओळीची लाज वाटते. जखम स्वच्छ होती हे खरे. पण ती भरत नव्हती, आणि एवढी एक गोष्ट मी सात महिन्यांत एकदाही लिहिली नाही.

आजी कळसच्या शिवारातल्या एका पारधी वस्तीवर राहतात. वय साठीच्या पुढे. त्या नऊ-दहा वर्षांच्या असताना आईवडील गुऱ्हाळावर कामाला होते. काहिलीतला उकळता रस त्यांच्या डाव्या नडगीवर सांडला. उसाचा आटत आलेला रस पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून राहतो. जखम खोल झाली. दवाखाना झाला नाही, झाडपाल्यावर पाच-सहा महिन्यांत ती कशीबशी भरली आणि मागे गुडघ्याखाली हातभर आखडलेला, चकचकीत वण राहिला. त्या वणावर पन्नास वर्षांनी लहानशी चीर पडली. आजींनी हळद भरली, मग कुणीतरी दिलेली पूड भरली, मग गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शने घेतली. दीड वर्षानंतर मी माझी औषधांची पेटी घेऊन तिथे पोहोचले आणि पट्टी बांधू लागले.

मी डॉक्टर नाही. माझा डिप्लोमा ईश्वरविज्ञानाचा आहे, आणि मलमपट्टीचे काम मी शिबिरांत परिचारिकांच्या हाताखाली शिकले. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारून, वाचून आणि स्वतःच्या चुकीतून समजून घेतलेले आहे. आपले अनेक वाचक वाड्या-वस्त्यांवर काम करतात. त्यांच्या पेटीतही तसाच कापूस आणि तसेच मलम असते, म्हणून हे लिहिणे मला गरजेचे वाटते.

कातडीचा कॅन्सर आणि आपण

कातडीचा कॅन्सर हा गोऱ्या लोकांचा आजार, अशी आपली समजूत असते. ती अर्धी खरी आहे. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग भरपूर असतो आणि तो उन्हातल्या घातक किरणांपासून आपले रक्षण करतो. त्यामुळे ऑस्ट्रेलिया किंवा युरोपात जितका हा आजार दिसतो त्या मानाने भारतात फारच कमी. आपल्याकडच्या सगळ्या कॅन्सरांत त्याचा वाटा शंभरात साधारण एक-दोन एवढाच. पण कमी आहे म्हणजे नाहीच असे नव्हे. आणि कमी असल्यामुळेच तो कुणाच्या मनात येत नाही, ना रुग्णाच्या, ना पट्टी बांधणाऱ्याच्या.

याचे मुख्य प्रकार तीन. पहिला बेसल सेल. हा बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या किंवा डोळ्यांच्या आसपास येतो, फार सावकाश वाढतो आणि शरीरात सहसा पसरत नाही. आपल्या लोकांत तो काळसर, चमकदार कडांचा असतो, म्हणून ‘मस आहे’ म्हणून सोडून दिला जातो. दुसरा स्क्वेमस सेल. हा कातडीच्या वरच्या थरातून उठतो आणि वेळ गेला तर जवळच्या गाठींत पसरतो. तिसरा मेलॅनोमा, रंगपेशींचा कॅन्सर. तो सर्वांत घातक. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पायावर उठतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो बहुतेक वेळा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली येतो, जिथे रंग कमी असतो आणि नजर जात नाही.

पाश्चात्त्य देशांत सगळ्यात जास्त आढळतो तो बेसल सेल. भारतातल्या अनेक रुग्णालयांच्या नोंदींत मात्र स्क्वेमस सेलचे रुग्ण अधिक दिसतात. याचे कारण समजून घेतले की पुढचे सगळे उलगडते: आपल्याकडे हा आजार उन्हापेक्षा जुन्या जखमा, भाजल्याचे वण आणि वर्षानुवर्षांचे घर्षण यांतून जास्त येतो.

रुग्णालयाच्या वहीने सांगितलेले

हे पहिल्यांदा लक्षात आले ते रुग्णालयांच्या नोंदींवरूनच. काश्मीरमध्ये थंडीत लोक कांगडी वापरतात. वेताच्या टोपलीत मातीचे भांडे, त्यात निखारे, आणि ती टोपली फेरनच्या आत पोटाशी धरायची. १८६५ मध्ये श्रीनगरला गेलेले मिशनरी डॉक्टर विल्यम एल्म्सली यांना दिसले की तिथल्या लोकांच्या पोटावर आणि मांडीच्या आतल्या बाजूला कॅन्सर होतो, म्हणजे नेमका जिथे कांगडीचा चटका रोज बसतो तिथे. १८६६ मध्ये त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केले. पुढे तिथल्या मिशन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी कित्येक वर्षे ठेवल्या.

आपल्या महाराष्ट्राचीही अशीच नोंद आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये ‘धोतराच्या कॅन्सर’चे वर्णन केले. धोतर कमरेला एकाच जागी घट्ट बांधायचे, घाम, धूळ, घर्षण, आणि असे तीस-चाळीस वर्षे. प्रथम कातडी काळी-पांढरी पडते, मग जाड होते, खाज सुटते, चीर पडते, आणि काही थोड्या लोकांत त्या चिरेचा कॅन्सर होतो. पुढच्या काळात साडी नेसणाऱ्या स्त्रियांच्या कमरेवरही हेच आढळले.

अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची माहिती एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिली. एक सत्तर वर्षांच्या. त्यांच्या उजव्या कुशीवर अठरा महिने न भरणारी जखम होती. दुसऱ्या साठी ओलांडलेल्या. त्या चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे कमरेला घट्ट आवळून नेसत होत्या. त्यांची जखम दोन वर्षांची होती आणि कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचलेला होता. दोघींच्याही कमरेला जिथे रोज कापड आवळले जाई, तिथेच जखम होती.

कांगडी, धोतर, लुगडे. जखमेची जागा त्या माणसाच्या जगण्याची रीत सांगते. मग आपल्या भागात काय? गुऱ्हाळाची काहील, चूल, हिवाळ्यातली शेकोटी, उसाच्या फडाला लावलेली आग, कोळशाची भट्टी. कोळसा पाडायला कातकरी कुटुंबे घाट उतरून आणि चढून किती जिल्हे फिरतात ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या लोकांच्या अंगावर भाजल्याचे वण इतके आहेत की ते आपल्याला दिसेनासे झाले आहेत.

वणाचा कॅन्सर कसा होतो

जुन्या वणावर उठणाऱ्या अशा जखमेला डॉक्टर ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. ज्याँ-निकोला मार्जोलिन या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १८२८ मध्ये वणांवरच्या अशा जखमांचे वर्णन केले, त्यांच्यावरून हे नाव पडले. भाजल्यानंतर खोल जखमेवर वेळेत दुसरीकडची कातडी लावली नाही आणि ती आपोआप, महिनोन्महिने भरत राहिली, तर तिथली कातडी पातळ, ताठ आणि कमी रक्तपुरवठ्याची होते. सांध्याजवळ ती पुन्हा पुन्हा ताणली जाते, फाटते, भरते, पुन्हा फाटते. प्रत्येक वेळी पेशींना नव्याने वाढावे लागते, आणि या सततच्या दुरुस्तीत कधीतरी एखादी पेशी ताळतंत्र सोडते.

याला वेळ लागतो. भाजल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा वीस-तीस वर्षे जातात, कधी त्याहून अधिक. म्हणून लेकरू असताना भाजलेल्या माणसाला चाळिशी-पन्नाशीत त्याचा फटका बसतो, आणि दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही. प्रत्येक वणाचा कॅन्सर होत नाही, हेही नीट सांगितले पाहिजे. शंभर वणांत एखाद-दुसऱ्याचा होतो, असे सांगितले जाते. म्हणजे वण असलेल्याने घाबरून राहायचे नाही, पण त्याच्यावर लक्ष ठेवायचे. कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायांवरच्या जुन्या जखमा, शिरा फुगल्यामुळे घोट्याजवळ वर्षानुवर्षे चिघळणाऱ्या जखमा, हाडातून पू येणारी जुनी छिद्रे, यांनाही हाच नियम लागू आहे.

ओळखायचे कसे

पुढील गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये:

महिनाभरात न भरलेली कोणतीही जखम. वस्तीवर आम्ही असे सांगतो: एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत जी भरली नाही ती दवाखान्यात न्यायची.

जुन्या वणावर नवी चीर, गाठ किंवा फुलकोबीसारखी वाढ.

काठ उंच, टणक आणि बाहेर वळलेले. हात लावताच रक्त. पट्टी रोज बदलूनही न जाणारा वास.

कमरेवर नाडीच्या, करदोट्याच्या किंवा धोतराच्या जागी न भरणारी चीर.

तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग. पुष्कळदा त्याला मोडलेला काटा किंवा कुरूप समजून ब्लेडने कापतात. तसे कधीही करू नये.

चेहऱ्यावरचा मस, ज्याला मधूनच खपली धरते, रक्त येते आणि जो हळूहळू पसरतो.

दोन प्रकारच्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावे. ज्यांच्या कातडीत जन्मतः रंगच नसतो ती, आणि ज्यांना तान्ही असतानाच उन्हाने चेहऱ्यावर दाट ठिपके येतात व उजेड सहन होत नाही ती. दुसरा आजार आईवडील जवळच्या नात्यातले असले तर जास्त आढळतो. अशा मुलांना उन्हापासून पूर्ण झाकणे हेच त्यांचे पहिले औषध आहे.

उशीर का होतो

आजींना मी नंतर विचारले, ‘आजी, इतके दिवस का थांबलात?’ त्या म्हणाल्या, ‘बाई, दुखत न्हवतं. दुखत न्हाई त्याला दवाखाना कशाला?’ यात आजींचा काही दोष नाही. हा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि ताठ वणाला मुळात संवेदना कमी असते. पोट हातावर असलेल्या माणसाला न दुखणाऱ्या जखमेसाठी दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही.

दुसरे कारण लाज. कमरेवरची, मांडीवरची जखम बाई पुरुष डॉक्टरांना दाखवत नाही. तिसरे कारण भीती. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य मी प्रत्येक वस्तीवर ऐकले आहे. ते खरे नाही. कातडीचा लहानसा तुकडा काढून तपासल्याने आजार पसरत नाही, आणि तुकडा तपासल्याशिवाय कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. पसरतो तो वाट पाहिल्याने. चौथे कारण म्हणजे सरकारी इमारतीत शिरताना पारधी माणसाच्या मनात असलेला धाक. त्याविषयी या पत्रिकेच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

आणि पाचवे कारण मी स्वतः. आजी मला म्हणाल्या, ‘तू पट्टी बांधत हुतीस, मला वाटलं बरं हुतंय.’ माझ्या येण्याने त्यांना धीर मिळाला, आणि त्या धीरानेच त्यांचे सात महिने गेले.

उपचार कसे होतात

शेवटी आजींना घेऊन मी मोठ्या रुग्णालयात गेले ते जखमेतून रक्त थांबेना म्हणून. सर्जननी पट्टी सोडली आणि एकच प्रश्न विचारला, ‘किती दिवसांची?’ मी म्हटले, ‘दोन वर्षांहून जास्त.’ ते मला काही बोलले नाहीत. त्याच दिवशी जागेपुरती भूल देऊन त्यांनी जखमेच्या काठावरून तीन ठिकाणचे लहान तुकडे काढले. काठावरूनच घ्यायचे, कारण मध्यभागी नुसती मेलेली कातडी असू शकते. अहवाल यायला दहा दिवस लागले. स्क्वेमस सेल.

मग हाडाचा एक्स-रे, जांघेतल्या गाठींची तपासणी, छातीचा फोटो. आजार किती खोल आणि किती दूर गेला आहे, हे यावरून ठरते. लवकर सापडला तर मुख्य उपचार एकच असतो: गाठ तिच्या भोवतालच्या एक-दोन सेंटिमीटर निरोगी कातडीसह काढायची आणि रिकाम्या जागी बहुधा मांडीवरची पातळ कातडी लावायची. पुष्कळ रुग्ण एवढ्यावर बरे होतात. जांघेत किंवा काखेत गाठी गेल्या असतील तर त्याही काढाव्या लागतात. शस्त्रक्रिया पुरेशी नसेल किंवा करता येत नसेल तेव्हा किरणांचे शेक देतात. त्याचे यंत्र सगळीकडे नसते, पुण्या-मुंबईला जावे लागते. हाडाला लागले असेल तर अवयव काढावा लागतो.

आजींच्या हाडाला लागले होते. डॉक्टरांनी मुलाला आणि मला बसवून समजावले: पाय गुडघ्याखाली काढला तर जीव वाचण्याची आशा चांगली आहे, गाठी अजून स्वच्छ आहेत. वर्षभर आधी आल्या असत्या तर कदाचित कातडी लावून भागले असते, हेही त्यांनी मी विचारल्यावर सांगितले. मुलगा दोन दिवस तयार होईना. तिसऱ्या दिवशी आजीच म्हणाल्या, ‘काढा.’

शस्त्रक्रियेनंतरही काम संपत नाही. आजार परत उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त, म्हणून तेवढा काळ दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जावे लागते, आणि त्यानंतरही काही वर्षे अधूनमधून. वस्तीवरचा रुग्ण याच टप्प्यावर सुटतो. तारीख आठवण करून देणे आणि सोबत जाणे हे आपले काम आहे.

खर्च आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, शेक आणि केमोथेरपी यांचा समावेश आहे. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळू शकतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, प्रथम त्याला भेटावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते. आजींच्या रेशनकार्डावर त्यांचे नावच नव्हते, त्यात आमचे नऊ दिवस गेले. म्हणून विनंती: कागद आजार येण्याआधी तपासून ठेवा. नाव, वय, आडनाव दोन्ही कागदांवर सारखे आहे का ते बघा.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यापुढे पुण्याचे ससून आणि मुंबईचे टाटा मेमोरियल. सुरुवात मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन करावी. एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. तेवढा भार कमी होतो.

आम्ही काय बदलले

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मी शिबिरांत अनेकदा सांगितली आहे. त्याने जखमांना तेल व द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या, इथपर्यंत मी नेहमी रंगवून सांगत असे. पण तो तिथे थांबला नाही. त्याने त्या माणसाला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेले, पैसे दिले आणि परत येईन म्हणाला. मी पट्टीपाशीच थांबले होते.

आता आमच्या भेटीच्या वहीत ‘जखम स्वच्छ’च्या आधी एक नवा रकाना आहे: ‘कधीपासून?’ एक महिना उलटला की आमचे ड्रेसिंग चालू राहते, पण रुग्ण त्याच आठवड्यात डॉक्टरांपुढे जातो, आणि त्याच्यासोबत आमच्यातले कुणीतरी जाते. भाजलेले मूल दिसले तर वण पडेपर्यंत थांबायचे नाही. कातडी लावण्याविषयी सर्जनला लगेच विचारायचे. बायकांच्या बैठकीत नाडी रुंद वापरावी, सैल बांधावी, रात्री सोडावी, जागा बदलत राहावी आणि कातडी काळी-पांढरी पडली तर दाखवावी, हे सांगायचे. वण उघडा असेल तर त्याला ऊन आणि खरचटणे यांपासून जपायचे, खोबरेल लावून मऊ ठेवायचे.

आजींना शस्त्रक्रियेला आता दीड वर्ष होईल. मागच्या तपासणीत सगळे स्वच्छ होते. त्या कुबडीवर चालतात, कृत्रिम पायाचे माप दिले आहे. परवा वस्तीवर गेले तेव्हा त्या एका सुनेला पुढ्यात बसवून तिच्या दंडावरचा चुलीचा वण निरखत होत्या. मला पाहून म्हणाल्या, ‘हिला चीर पडलीय. कधीपासून, ते लिव्ह तुझ्या वहीत.’

मी विचारले. तीन आठवडे झाले होते. पुढच्या सोमवारी आम्ही तिला घेऊन जाणार आहोत.